कशावरून मॅडम

कशावरून मॅडम आमच्या शाळेत दोन वर्षं आल्या, पण त्यांनी फळ्यावर एक अंकसुद्धा कधी लिहिला नाही. सकाळी प्रार्थनेच्या आधी यायच्या, चपला दाराबाहेर काढायच्या, कोपऱ्यातली लोखंडी खुर्ची उचलायच्या आणि कुठल्या तरी मुलाजवळ नेऊन ठेवायच्या. मग शाळा सुटेपर्यंत नुसतं बघत बसायच्या. कधी मुलाच्या समोर, कधी अगदी शेजारी, कधी पार मागच्या भिंतीला टेकून. खुर्ची सरकवताना तिचा आवाज होऊ नये म्हणून तिच्या पायांना त्यांनी जुन्या साडीच्या चिंध्या बांधल्या होत्या. पाहुणा बसला की मुलं हसतात, बावरतात. पण दिवाळीपर्यंत मुलांना त्या दिसेनाशा झाल्या. वर्गात एक बाई रोज बसलेली असते आणि कुणालाच ती दिसत नाही, हे मला सुरुवातीला फार विचित्र वाटायचं.

आमची शाळा येडगाव धरणाच्या पाण्याकडेची, वस्तीवरची. दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मॅडमचं खरं नाव सुजाता. गाव अवसरी बुद्रुक. वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आई कॉलेजच्या दिवसांतच गेलेली. गणितात एम.एस्सी. केल्यावर पोटापुरती नोकरी धरायची सोडून त्या विद्यापीठात पीएच.डी. करत होत्या. विषय काय, तर मुलं गणित शिकतात म्हणजे नेमकं काय होतं. आमच्या केंद्रप्रमुखांनी परवानगीच्या कागदावर सही केली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "बसू द्या. त्रास नाही द्यायच्या."

त्रास दिला. पहिल्याच आठवड्यात मी एका मुलाच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, "याला भागाकार समजला बरं का." खुर्चीतून हलकेच आवाज आला, "कशावरून?"

"उत्तर बरोबर आलंय की."

"उत्तर बरोबर आलं, ते दिसतंय. समजलं हे कशावरून?"

मला राग आला. इतकी वर्षं शिकवतेय, आता मला हे विचारणार! दुसऱ्या दिवशी मी मुद्दामच उलटं बोलले, "या पोरीला काही येत नाही." तर त्यावरही तोच प्रश्न, तितक्याच मऊ आवाजात. मुलांना तो शब्द एवढा आवडला की मधल्या सुट्टीत खिचडीत मीठ कमी आहे म्हटलं तरी चारी बाजूंनी "कशावरून? कशावरून?" सुरू व्हायचं. नाव तिथंच पडलं. मॅडमना ते कळलं तेव्हा त्या हसल्या. त्यांना मोकळं हसताना मी फार वेळा पाहिलं नाही, म्हणून ते लक्षात आहे.

खिचडी शिजवणाऱ्या हौसामावशींना मात्र चैन पडेना. एक दिवस त्या पदराला हात पुसत दारात आल्या. "मॅडम, तुमी शिकवत न्हाई, कुणाला मारत न्हाई. मंग करता तरी काय दिसभर?"

"बघते."

"काय बघता?"

"पोरं शिकतात कशी ते."

"आन् दिसलं का मंग?"

"अजून नाही, मावशी."

"दिसंल, दिसंल. आधी दोन घास खावा. लई वाळलाय तुमी."

मॅडम गावात एक खोली घेऊन राहायच्या. शाळेपासून गावापर्यंतची वाट उसामधून जायची, आणि उसात बिबट्या हे आमच्याकडे काही नवल नाही. संध्याकाळी बाहेर पडणारा माणूस मोबाइलवर गाणी मोठ्यानं लावून चालतो. मॅडम गाणी लावत नसत. त्या मोठमोठ्यानं स्वतःशी वाद घालत चालायच्या. आधी एक बाजू मांडायच्या, मग आवाज बदलून दुसरी. "पण ते मुलीच्या मनात आहे हे तुम्ही ठरवलंत कसं?" "मग मनात नाही तर कुठं आहे, झाडावर?" एकदा उसाला पाणी देणारे एक दादा दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "बाई, त्या मॅडमचं घरी काय भांडण चालूये का? काल बांधावरनं कुणाला तरी लई झापत व्हत्या." मी म्हटलं, "नाही हो, अभ्यास करतात." दादांचा विश्वास बसला नाही. पण बिबट्या त्या वाटेला फिरकला नाही, एवढं खरं.

हा वाद कशाचा, ते मी त्यांना एका शनिवारी विचारलं. सकाळची शाळा सुटली होती, आम्ही दोघी पायरीवर बसलो होतो. मॅडम म्हणाल्या, "नलूताई, आमच्यात दोन घरं आहेत. एक घर म्हणतं, मूल आपल्या डोक्यात स्वतःचं गणित स्वतः रचतं. तुम्ही कितीही सांगा, ते तुमचं सांगणं जसंच्या तसं घेत नाही, त्याचं काहीतरी करून घेतं. म्हणून डोक्यात काय चाललंय ते शोधा. दुसरं घर म्हणतं, शिकणं आधी माणसामाणसांत होतं. बोलण्यात, भांडण्यात, एकमेकांच्या हातातलं ओढून घेण्यात. आत जातं ते नंतर. म्हणून एकट्या मुलाकडे बघून काही कळणार नाही."

"मग तुम्ही कुठल्या घरातल्या?"

त्या धरणाच्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, "विद्यापीठात दुपारी डबा खायला बसतो ना, तिथंही ही दोन टेबलं वेगळी आहेत. मी डबा घेऊन मध्येच उभी असते. दोघंही म्हणतात, आधी ठरव. बहुतेक वेळा मी जिन्यात बसून खाते."

माझ्या वर्गात तेव्हा पूनम होती. तिसरीतली, वडील पिंपरी पेंढारच्या एका बागायतदाराकडे कामाला, आणि ही आजीपाशी आमच्या वस्तीवर. वर्गात ती तोंड उघडत नसे. वजाबाकीत बावन्नातून सत्तावीस गेले की ती पस्तीस लिहायची. मी लाल फुली मारायची, पुन्हा समजवायची, पुन्हा पस्तीस. मॅडमनी खुर्ची तिच्या शेजारी नेली ती महिनाभर तिथंच ठेवली. एक दिवस मला म्हणाल्या, "एक्केचाळीसातून एकोणीस द्या बरं तिला. अडतीस लिहील." मी दिलं. पूनमनं अडतीस लिहिलं.

"तिला येत नाही असं नका म्हणू," मॅडम म्हणाल्या. "तिला दुसरंच काहीतरी येतंय, आणि पक्कं येतंय. लहानातून मोठं जात नाही, असं पहिलीपासून आपण सगळेच मुलांना सांगतो. तिनं ते मनावर घेतलं. दोनातून सात जात नाहीत ना, मग ती सातातून दोन काढते. ती आपलंच ऐकतेय, नलूताई." त्या दिवसापासून पूनमच्या वहीत फुली मारताना माझा हात अडखळायला लागला.

आणि मग सानिया आली. तिच्या वडिलांचं वेल्डिंगचं दुकान. जुन्नरहून येऊन त्यांनी ते येडगावच्या फाट्यावर टाकलं होतं. सानिया बोलकी, धसमुसळी, अभ्यासात बेताची. जागा नव्हती म्हणून मी तिला पूनमशेजारी बसवलं. मॅडमनी त्याच दिवशी खुर्ची दोघींच्या मागं सरकवली. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे रबर लावून मी मुलांना दिले होते, आणि काही सुट्या काड्या. एका सकाळी मी फळ्याकडे तोंड करून लिहीत होते, तर मागून कुजबुज आली.

"अगं, दोन काड्यांतून सात कशा देशील? गठ्ठा सोड ना!"

"सोडला तर गठ्ठा मोडंल."

"मोडू दे की! काड्या कुटं पळून जात्यात का?"

मी वळून बघितलं. पूनम गठ्ठ्याचं रबर काढत होती, अगदी जपून, एखाद्या झोपलेल्याच्या अंगावरची चादर काढावी तसं. काड्या विस्कटल्या. तिनं सात काड्या आणि दोन गठ्ठे बाजूला ठेवले आणि उरलेलं मोजलं. पाटीवर पंचवीस लिहिलं. तिच्या मागं मॅडम डोळे पुसत होत्या.

त्यानंतरचे दोन-तीन महिने मॅडमचे सर्वांत सुखाचे असावेत. शनिवारी त्या नारायणगावला माझ्या घरी यायच्या, जेवायच्या आणि त्या दोन पोरींबद्दल बोलत सुटायच्या. पूनम आता भांडते, पूनम सानियाचं उत्तर खोडते, पूनमला आज हसू आलं. माझा मुलगा नोकरीला बाहेर, नवऱ्याचं लक्ष टीव्हीत. घरात इतकं बोलणं किती दिवसांनी होत होतं! शाळेतलं शिकवणं ही विचार करायची गोष्ट आहे हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि तो ज्याच्याशी करावा असं माणूसही भेटलं नव्हतं.

पुढच्या वर्षी पूनम आणि सानिया चौथीत गेल्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली, तर सानिया आली नाही. फाट्यावरचं दुकान चालेना, म्हणून तिच्या वडिलांनी भोसरीला कुणाच्या तरी वर्कशॉपमध्ये काम धरलं होतं. सगळं बिऱ्हाड एका टेम्पोत गेलं. पूनमला कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं शेजारची जागा दप्तर ठेवून धरून ठेवली होती. दुपारी मी सांगितल्यावर तिनं दप्तर उचलून मांडीवर घेतलं आणि शाळा सुटेपर्यंत तसंच धरून ठेवलं.

आठवडाभरात बावन्नातून सत्तावीस पुन्हा पस्तीस झाले.

बघणाऱ्यानं शिकवायचं नाही, मध्ये पडायचं नाही, हा मॅडमचा नियम. त्या दिवशी त्यांनी तो मोडला. खुर्ची सोडून त्या खाली फरशीवर, सानियाच्या जागी जाऊन बसल्या. काड्या पुढं केल्या आणि सानियाच्याच लकबीत म्हणाल्या, "अगं, दोन काड्यांतून सात कशा देशील?"

पूनमनं मान वर करून त्यांच्याकडे नीट बघितलं. "तुमाला येतंय ना?" ती म्हणाली. "मंग मला कशाला इचारता?"

मॅडम थोड्या वेळानं उठून बाहेर गेल्या आणि हापशावर खूप वेळ तोंड धूत राहिल्या. संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर उसातल्या वाटेनं निघाले, तर त्या वाद घालत नव्हत्या. एकदम म्हणाल्या, "सानियाला खरंच उत्तर माहीत नव्हतं. म्हणून तिचा प्रश्न खरा होता. माझा खोटा होता, आणि ते पोरीला कळलं." मग पुष्कळ चालून गेल्यावर, "नलूताई, मग पूनमला येत होतं का हो? की त्या दोघींना मिळून येत होतं? आणि दोघींना मिळून येत असेल, तर एक गेल्यावर ते कुठं जातं?"

वर्ष संपता संपता पूनमचं पुन्हा पंचवीस यायला लागलं. कसं, ते मला सांगता येणार नाही आणि मॅडमनाही सांगता आलं नाही. पण आता ती ते एकटीनं, न बोलता करायची. रबर काढायच्या आधी ओठ हलायचे, एवढंच.

मॅडमच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा पुण्याला झाली. कुणीही येऊन बसू शकतं अशी ती खुली परीक्षा असते. त्यांच्या बाजूनं आम्ही दोघंच होतो, मी आणि त्यांचे वडील अण्णा. मंचरच्या स्टँडवर अण्णा पांढऱ्या कडक इस्त्रीच्या शर्टात माझ्या आधी येऊन उभे होते. एसटीत बसल्यावर म्हणाले, "मला त्यातलं कळायचं न्हाई, बाई. पण सुजाला मागं वळून बघितलं तर कुणीतरी दिसाया पायजे."

मॅडम छान बोलल्या. आधी पूनमच्या डोक्यातल्या नियमाबद्दल, मग दोघींच्या कुजबुजीबद्दल. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते, आवाज सौम्य होता. ते म्हणाले, "तुम्ही पहिल्या अर्ध्या प्रबंधात एका दृष्टिकोनातून बघता आणि दुसऱ्या अर्ध्यात बरोबर त्याच्या विरुद्ध दृष्टिकोनातून. शिकणं आत होतं की बाहेर, हे आधी ठरवावं लागतं. एका म्यानात दोन तलवारी कशा ठेवणार?"

मॅडम म्हणाल्या, "सर, मुलगी एकच होती."

मागं कुणीतरी हसलं. ते हसण्यासारखं नव्हतं, हे मला माहीत होतं. मॅडमनी मागं वळून बघितलं. अण्णांनी हात वर केला, शाळेतलं पोर हजेरीला करतं तसा.

पदवी मिळणार होती, पण दुरुस्ती करून. दोनपैकी एकच दृष्टिकोन ठेवायचा. त्यांचे मार्गदर्शक भला माणूस. जिन्यात गाठून म्हणाले, "सुजाता, दुसरा भाग काढून टाक. पुढं कधीतरी त्याचा वेगळा लेख कर. वडिलांचं वय बघ." मॅडमनी तो भाग काढला. पूनमची वजाबाकी राहिली, सानिया गेली. त्या रात्री आमच्या घरी ताटावर बसल्या आणि घास न घेताच म्हणाल्या, "त्या पोरीला दुसऱ्यांदा शाळेतून काढलं आपण." मी नुसतं त्यांच्या पानात वरण वाढत राहिले. तो वेगळा लेख पुढं झाला नाही. मी दोनदा विचारलं, मग विचारणं सोडून दिलं.

इथं जवळपास नोकरी मिळेना. शेवटी झारखंडात, शिक्षक घडवणाऱ्या एका कॉलेजात जागा मिळाली. जाताना त्यांनी अण्णांना बरोबर यायला पुष्कळ विनवलं. अण्णा म्हणाले, "तिथं मी कुणाशी बोलू? इथं निदान कालव्याला तरी ओळखतो." मग ते अवसरीत एकटे आणि त्या तिकडं एकट्या. मी महिन्या-दोन महिन्यांनी अवसरीला चक्कर टाकायची. भिंतीवर बुद्धाची तसबीर, बाबासाहेबांची तसबीर आणि त्यांच्या शेजारी पदवीच्या झग्यातल्या मॅडम. अण्णा चहा करायचे आणि सांगायचे, "रोज सांजच्याला फोन करती. मी इचारतो, आज पोरं काय चुकली? मंग ती तासभर सांगत बसती. मला काय कळत न्हाई, पर ऐकतो."

गेल्या वर्षी अण्णा झोपेतच गेले. विमान पकडून मॅडम पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर पाहुणे पांगले, भाऊबंद घरोघर गेले, अंगणातल्या सतरंज्या गोळा झाल्या. घरात आम्ही दोघी. त्यांच्या केसांत पांढरं आलं होतं. सकाळपासून पोटात काही नव्हतं. इतकी वर्षं मी त्यांना मॅडमच म्हणत आले होते. त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "सुजाता, दोन घास खा गं."

त्या रडल्या त्या तेव्हा. नंतर ताट पुढं घेऊन हळूहळू बोलायला लागल्या. "तिथं दिवसभर हिंदीत शिकवते. लिहायचं ते इंग्रजीत. मराठी रोजची तासभर अण्णांपुरती होती. आता ती कुठं बोलू? परवा एक मूल चुकलं, फार सुंदर चुकलं. मी फोन हातात घेतला आणि मग आठवलं."

मी म्हटलं, "मला करत जा." त्यांनी मान हलवली. दोन दिवसांनी घराला कुलूप लावून, किल्ली शेजारी देऊन त्या गेल्या.

आमच्या शाळेत आता सरांची बदली झालीय. दुसरे शिक्षक आलेले नाहीत. पटही खाली आलाय, चारी इयत्ता मी एकाच खोलीत घेऊन बसते. पूनम नारायणगावच्या हायस्कूलला आहे, रस्त्यात भेटली तर मान खाली घालून हसते. मॅडमचा फोन येतो, पण बोलायला घेतलं की दोघींचंही चटकन संपतं. तब्येत, पाऊस, कांद्याचं कसं काय. ज्यावर आम्ही तास तास बोलायचो ते समोर घडलेलं नसलं की बोलता येत नाही, असं दिसतं.

मागच्या महिन्यात त्यांचा फोन शाळेच्या वेळेत आला. तिकडं कसलीशी सुट्टी होती. मी म्हटलं, वर्ग चालू आहे, नंतर करते. त्या म्हणाल्या, "ठेवू नका ना. टेबलावर राहू दे. मी काही बोलणार नाही." मी मुलांना सांगितलं, लांबच्या एक मॅडम ऐकतायत. मुलं दोन मिनिटं शहाण्यासारखी बसली आणि मग विसरली. तिसरीतले दोघं एका उदाहरणावरून हमरीतुमरीवर आले. "तुझं चुकलंय." "तुझंच चुकलंय, मी दोनदा केलंय." "दोनदा केलं म्हंजे बरुबर व्हतं का?" चौथीतली एक त्यांच्यात पडली, पहिलीतलं एक रडायला लागलं. सगळं निस्तरता निस्तरता मीही फोन विसरले. तास संपत आला तेव्हा लक्ष गेलं. फोन चालूच होता. मी तो कानाला लावला. पलीकडं काहीच आवाज नव्हता, पंख्याचा असेल तेवढाच.

"सुजाता?" मी म्हटलं. "आहेस का?"

"आहे," ती म्हणाली. "मधल्या सुट्टीपर्यंत राहू द्या ना चालू."

मी फोन पुन्हा टेबलावर ठेवला, आणि त्या दोघांना म्हटलं, "हं, परत सांगा रे काय झालं ते. जरा मोठ्यानं."